ज्यू धर्मातील क्षमायाचना : आधी माणसाची, मग देवाची

‘योम किप्पूर’ हा ज्यू धर्मीयांचा प्रायश्चित्ताचा दिवस होय. हिब्रू पंचांगातील तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी सुमारे 25 तासांचा उपवास करून तो पाळला जातो. मात्र केवळ उपवासाने सर्व अपराधांचे परिमार्जन होते, असे ज्यू धर्मशास्त्र मानत नाही. इ. स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथानुसार, या दिवशी देवाविरुद्ध केलेल्या अपराधांचे प्रायश्चित्त होते. दुसऱ्या माणसावर अन्याय केला असल्यास प्रथम त्याचे समाधान करावे लागते.

बाराव्या शतकातील धर्मपंडित मायमोनिदीस यांनी ‘मिश्ने तोरा’ या ग्रंथात त्याची रीत सांगितली आहे. नुकसानभरपाई दिल्यानंतरही क्षमा मागणे आवश्यक असते. दुखावलेली व्यक्ती क्षमा करण्यास तयार नसेल, तर अपराध्याने आपल्या तीन मित्रांसह जाऊन तिची विनवणी करावी. असे तीन वेळा करूनही नकारच मिळाला, तर दोष नकार देणाऱ्याकडे जातो. अपराध गुरूचा असेल, तर मात्र ही मर्यादा लागू होत नाही. क्षमा मिळेपर्यंत हजार वेळाही जावे लागते.

दुखावलेली व्यक्ती हयात नसल्यास दहा जणांना तिच्या कबरीपाशी नेऊन त्यांच्यासमक्ष अपराधाची कबुली द्यावी आणि तिचे देणे वारसांना चुकते करावे, असा नियम आहे. मृत्यूमुळे अपराध्याची जबाबदारी संपत नाही, हे त्यामागील तत्त्व आहे.