शांतिसैनिकाचे शस्त्र : नगर छावणी आणि सिएरा लिओन

भारतीय सैन्यातील यांत्रिक पायदळाची रेजिमेंट १९७९ साली उभी राहिली. तिचे केंद्र अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे आहे. चिलखती गाड्यांतून शत्रूची फळी वेगाने भेदणे, हे या दलाचे शिक्षण. त्याच रेजिमेंटच्या १४ व्या बटालियनचे जवान संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये गेले, ते मात्र अगदी निराळ्या कामासाठी. जुलै १९९९ च्या लोमे करारान्वये बंडखोरांनी आपखुषीने खाली ठेवलेली शस्त्रे त्यांना स्वीकारावयाची होती.

मे २००० मध्ये ‘रिव्हॉल्यूशनरी युनायटेड फ्रंट’ने करार मोडून सुमारे ५०० शांतिसैनिक ओलीस धरले. पूर्वेकडील कैलाहून येथे २२२ भारतीय सैनिक व ११ लष्करी निरीक्षक वेढ्यात सापडले. शांतिसैनिकांना बळ वापरण्याची मुभाच नव्हती, असा एक समज आहे; तो बरोबर नव्हे. सुरक्षा समितीच्या ऑक्टोबर १९९९ च्या ठराव क्र. १२७० ने आत्मरक्षणार्थ, तसेच नागरिकांच्या रक्षणार्थही ती दिली होती. परंतु ठरावाने अधिकार मिळतो, हेलिकॉप्टरे मिळत नाहीत. शिवाय अन्यत्र ओलीस असलेल्यांचे प्राण टांगणीला लागलेले. वाटाघाटींत दोन महिन्यांहून अधिक काळ गेला. कुमक पोहोचल्यावर मेजर जनरल विजयकुमार जेटली यांच्या आधिपत्याखाली १५ व १६ जुलै रोजी ‘खुकरी’ मोहिमेने वेढा फोडला. तीत एक भारतीय जवान कामी आला.

कोंडी शस्त्राने फुटली. सहकारी राष्ट्रांतील अविश्वास मात्र तसाच राहिला. जेटलींच्या गोपनीय टिपणावरून सप्टेंबरमध्ये वाद पेटला आणि त्याच महिन्यात भारताने आपली तुकडी परत बोलावण्याचे जाहीर केले.