फ्रा लुकांचे आठ गुणाकार

आमच्या शाळकरी दिवसांत गुणाकाराची रीत एकच असे. बाराने गुणावयाचे तर आधी दोनाने, मग खाली एक घर सोडून एकाने. आमच्या वर्गातील एका मुलाने पस्तीसची दसपट आणि दुप्पट मिळवून ४२० हे बिनचूक उत्तर आणले. गुरुजींनी त्यावर लाल फुली मारली. रीत चुकली होती म्हणे! त्याची आई बाजारात केळी विकताना असाच हिशेब करी. पुढे गणिताच्या तासाला त्याने हात वर केलेला आम्ही पाहिला नाही.

लुका पाचोली या फ्रान्सिस्कन व्रतस्थाविषयी वाचताना ती फुली आम्हांस हटकून आठवते. मध्य इटलीतील सानसेपोल्क्रो हे त्यांचे गाव. संन्यस्त जीवन स्वीकारण्यापूर्वी तरुणपणी ते व्हेनिसमधील एका व्यापाऱ्याच्या तीन मुलांना शिकवीत असत. १४९४ साली व्हेनिसमध्ये त्यांचा ‘सुम्मा’ हा अंकगणिताचा प्रचंड ग्रंथ छापून निघाला. तोही विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या इटालियन बोलीत. जमाखर्चाच्या द्विनोंदी पद्धतीमुळे तो आज प्रसिद्ध आहे. परंतु त्यात गुणाकाराच्या एक नव्हे, आठ रीती दिल्या आहेत, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

एका रीतीत अंकांची तिरपी जोडी लावून उत्तर एकाच ओळीत उतरवायचे. त्याला स्मरणशक्ती तल्लख हवी. दुसरी जाळीची. चौकटी आखून प्रत्येकीत तिरपी रेघ मारायची, दशक-एकक दोन्ही अंगांना मांडायचे आणि तिरप्या ओळींची बेरीज घ्यायची. व्हेनिसच्या खिडक्यांना स्त्रिया दिसू नयेत म्हणून लावीत त्या जाळ्यांवरून तिचे नाव पडले. आणखी एका रीतीत संख्येचे अवयव पाडायचे. एकीत तिचे सरळ तुकडे करायचे. सगळ्याच रीती सारख्या सोयीच्या नव्हत्या, हेही खरे.

हा केवळ पांडित्याचा हौसेमौजेचा प्रकार नव्हता. फ्लॉरेन्समधील सहा हिशेबशाळांत हजार ते बाराशे मुले शिकत, असे जोव्हान्नी व्हिल्लानी यांनी १३३८च्या सुमाराची माहिती देताना नोंदविले आहे. गावागणिक नाणी आणि मापे निराळी. अशा बाजारात उतरणाऱ्या मुलाला संख्या पाहून रीत निवडता यावी लागे आणि एका रीतीचे उत्तर दुसरीने पडताळता यावे लागे.

हे अंक भारतातून अरबांकडे आणि त्यांच्याकडून युरोपात गेले. पिसाच्या लिओनार्दोने ते उत्तर आफ्रिकेत शिकून १२०२ साली आपल्या ग्रंथात मांडले. त्यापूर्वीच, ११५०च्या सुमारास, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त १३५ गुणिले १२ हे उदाहरण घातले होते. बाराचे आठ आणि चार करा: १०८० आणि ५४०. तीन आणि चार हे अवयव घ्या: ४०५ची चौपट. वीस घेऊन आठ वजा करा: २७०० उणे १०८०. प्रत्येक वेळी १६२०च! चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे.

आपल्याकडे पावकी, दिडकी, औटकी घोकणाऱ्या पिढ्यांपाशीही असे आडमार्ग होते. शाळेच्या पुस्तकात मात्र उभी मांडणी तेवढी उरली.

भास्कराचार्यांनी त्याच उदाहरणात आणखी एक वाट दाखविली आहे: बाराचे दहा आणि दोन करा. केळीवालीच्या मुलाने पाटीवर नेमके तेच केले होते.