घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेट आणि टीव्हीचे हरवलेले कार्यक्रम: रेकॉर्डिंग कसं शोधायचं, कसं वाचवायचं

माळ्यावर किंवा पलंगाखालच्या पेटीत काळ्या रंगाच्या, विटेएवढ्या व्हीएचएस कॅसेट अजूनही बऱ्याच घरांत आहेत. त्यातल्या बहुतेकांवर 'लग्न', 'मुंज', 'बारसं' असं काहीतरी लिहिलेलं असतं. पण ऐंशी-नव्वदच्या दशकात कोरी कॅसेट स्वस्त नव्हती, त्यामुळे एकाच कॅसेटवर दोन-तीन वेळा रेकॉर्डिंग व्हायचं. बारशाच्या खाली रविवारचा सिनेमा, सिनेमाच्या खाली कुठली तरी मॅच. आजचा लेख या खालच्या थरांबद्दल आहे.

सुरुवात माझ्याच घरातल्या एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या आठ कॅसेट एका दुकानात डीव्हीडी करायला दिल्या. डीव्हीडी आल्या, सगळ्यांनी पाहिल्या, आणि 'झालं ना आता कॉम्प्युटरवर' म्हणून आजीनं सात कॅसेट भंगारवाल्याला देऊन टाकल्या. बारशाची एक तेवढी कपाटामागे पडून राहिली. पुढे एक सेकंडहँड व्हीसीआर हाती आला तेव्हा सहज म्हणून ती लावली. बारसं संपलं, पडद्यावर मुंग्या आल्या, मी उठून चहा ठेवायला गेलो. परत आलो तर टीव्हीवर दूरदर्शनच्या मराठी बातम्या चालू होत्या! त्यानंतर जाहिराती, मग निवेदिका, मग एका नाटकाची पहिली वीस मिनिटं. डीव्हीडीत यातलं काहीही नव्हतं. मुंग्या आल्या की दुकानदारानं कॅप्चर थांबवलं होतं. बाकीच्या सात कॅसेटच्या शेवटी काय होतं, ते आता कधीच कळणार नाही.

मुंग्यांनंतर जुनं रेकॉर्डिंग का सापडतं

व्हीसीआरमध्ये फीत आधी एका इरेज हेडवरून जाते आणि मग तिरक्या फिरणाऱ्या ड्रमला वेढा घालते. लिहिणारे हेड त्या ड्रमवर असतात. पाल पद्धतीत हा ड्रम सेकंदाला २५ फेरे, म्हणजे मिनिटाला १५०० फेरे मारतो. फीत स्वतः मात्र सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते. इरेज हेड आणि ड्रम यांच्यात थोडं अंतर असतं. रेकॉर्डिंग थांबवलं की त्या अंतरातली फीत पुसलेली असते, पण तिच्यावर नवीन काही लिहिलेलं नसतं. म्हणून काही सेकंद मुंग्या येतात, आणि त्या संपल्या की आधीचं रेकॉर्डिंग सुरू होतं.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला याच्या उलट होतं. तिथल्या तुकड्यावर पुसण्याआधीच लिहिलं जातं, त्यामुळे पहिले काही सेकंद चित्रावर इंद्रधनुषी पट्टे तरंगताना दिसतात. असे पट्टे दिसले तर खुशाल समजा, की या कॅसेटवर आधी काहीतरी होतं. आणि दोन्हींचा अर्थ एकच: कॅसेट पूर्ण संपेपर्यंत चालू द्या. बऱ्याच व्हीसीआरमध्ये सिग्नल गेला की निळा पडदा येतो, त्यालाही फसू नका.

पण वाहिन्यांकडे मूळ टेप असतीलच ना?

नेमका हाच गैरसमज आहे. व्हिडिओ टेप महाग होती आणि पुन्हा वापरता यायची, त्यामुळे जगभरच्या वाहिन्यांनी आपलेच कार्यक्रम पुसले. ब्रिटनच्या बीबीसीनं साठच्या दशकातल्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे कितीतरी भाग असे घालवले. गंमत म्हणजे त्या हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे. का, तर काही चाहत्यांनी घरी टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टेप केला होता. व्हीसीआर घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

अमेरिकेत तर पहिला सुपर बोल, म्हणजे १५ जानेवारी १९६७ चा फुटबॉल सामना, दोन वाहिन्यांनी एकाच वेळी दाखवला आणि दोघींनीही टेप जपली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका माणसानं तेव्हा केलेलं रेकॉर्डिंग एका घराच्या माळ्यावर सापडलं. तेही अर्धवट, पण दुसरं काही नव्हतंच. तरी त्यावरून मालकीचा वाद झाला: फीत ज्याची, चित्रही त्याचंच का? लीगचं म्हणणं होतं, नाही.

फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स या एकेकाळच्या ग्रंथपाल बाईंनी मात्र हे ठरवून केलं. १९७९ च्या इराण ओलीस प्रकरणापासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्या घरात एकाच वेळी अनेक व्हीसीआर बातम्या रेकॉर्ड करत असायचे. सहा तासांनी कॅसेट बदलायची म्हणून घरातलं सगळं वेळापत्रक त्याभोवती फिरायचं. सुमारे ७० हजार टेप मागे राहिल्या आणि २०१३ मध्ये त्या इंटरनेट आर्काइव्हकडे गेल्या. शेजाऱ्यांना हा वेडेपणा वाटला असेल, पण चोवीस तास चालणाऱ्या बातम्यांचा इतका सलग संग्रह दुसऱ्या कुठल्या घरात सापडणार?

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तिथं टेप पुसून पुन्हा वापरल्या जायच्या, हे त्या काळी काम केलेली मंडळी सांगतातच. अडचण अशी, की सत्तरच्या दशकात आपल्याकडे घरी व्हीसीआर जवळपास कुणाकडेच नव्हता. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचं 'चिमणराव गुंड्याभाऊ' पहिल्यांदा लागलं तेव्हा ते घरी टेप करणारं कोण असणार? व्हीसीआरची लाट आली ती १९८२ च्या एशियाड आणि रंगीत प्रक्षेपणानंतर. त्यातही पुष्कळांनी तो विकत घेतलाच नाही, एका रात्रीसाठी भाड्यानं आणून चाळीत तीन-तीन सिनेमे पाहिले. म्हणून घरगुती रेकॉर्डिंग मिळण्याची खरी शक्यता १९८३ ते २००० या काळातली.

आणि जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते घरीही सापडणार नाही. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला कपिल देवनं झिम्बाब्वेविरुद्ध केलेल्या नाबाद १७५ धावांचं चित्रीकरण झालंच नव्हतं. 'आमच्या काकांकडे त्याची कॅसेट आहे' असं कुणी म्हणालं, तर काकांना आदरानं चहा पाजा आणि विषय बदला.

काय मौल्यवान, काय नाही

'रामायण' आणि 'महाभारत' उत्तम अवस्थेत उपलब्ध आहेत, त्यांचे भाग घरी असले तर भावनिक किंमत सोडून फार काही नाही. खरी दुर्मिळता त्या भागाच्या आधी आणि नंतरच्या पाच मिनिटांत असते. प्रादेशिक जाहिराती, 'व्यत्यय' ची पाटी, निवेदिकेचं पुढच्या कार्यक्रमाचं सांगणं, हवामान, बातम्यांचा शेवट, आणि फक्त मुंबई केंद्रावरून गेलेले मराठी कार्यक्रम. वाहिनी कार्यक्रम जपते, पण त्या संध्याकाळी प्रत्यक्ष काय काय दिसलं ते प्रेक्षकाच्या कॅसेटवरच उरतं. दुकानात कॅसेट दिलीच, तर 'जाहिराती कापू नका' असं कागदावर लिहून द्या. नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

शोधताना परदेशातल्या नातेवाइकांनाही विचारा. अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये इथून टेप करून पाठवलेल्या कॅसेटचे खोके असतात. त्या पाल पद्धतीच्या असल्यामुळे तिथल्या साध्या एनटीएससी व्हीसीआरवर चालत नाहीत, म्हणून कित्येक वर्षं कुणी लावलेल्याही नसतात. आपल्या दृष्टीनं हे चांगलंच, झीज कमी.

लावण्याआधी

कॅसेट खिडकीपाशी धरून आतल्या रिळाच्या कडा पाहा. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत ती हमखास येते. अशी कॅसेट अजिबात लावू नका. हेड खराब होतात आणि तोच व्हीसीआर पुढच्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लावतो. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि साफ करून घ्या. फीत तुटली किंवा खोकं फुटलं असेल तर घाबरू नका. खालचे पाच स्क्रू काढून रिळं दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवता येतात.

कॅसेट ठीक दिसली तरी आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एका जागी असलेली फीत चिकटलेली किंवा सैल झालेली असते. आणि व्हीसीआर अनोळखी असेल तर पहिली कॅसेट कुठल्या तरी फालतू सिनेमाची लावा. फीत चावणारा व्हीसीआर ताईच्या बारशावर तपासायचा नसतो. चांगला व्हीसीआर मिळणं हीच यातली सगळ्यात कठीण पायरी आहे. फुनाई ही शेवटची कंपनी, तिनंही २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. आज जे आहेत ते सगळे वापरलेले, आणि दुरुस्त करणारे कारागीरही कमी होत चाललेत.

कॅप्चर करताना

ऑनलाइन मिळणारी चार-पाचशे रुपयांची यूएसबी कांडी काम करते, पण जपून. व्हीएचएसचा सिग्नल डगमगता असतो. प्रत्येक रेषेची लांबी थोडी कमी-जास्त होते. जुना टीव्ही ते सांभाळून घ्यायचा, पण कॅप्चर कार्ड गोंधळतं आणि फ्रेम सोडून देतं. त्यातून आवाज आणि ओठ यांची फारकत होते. उपाय म्हणजे मधे टाइम बेस करेक्टर लावणं. तो महाग असतो, म्हणून संग्राहक पॅनासोनिकचे ईएस१०, ईएस१५ असे जुने डीव्हीडी रेकॉर्डर फक्त सिग्नल आरपार नेण्यासाठी वापरतात. त्यातून बाहेर पडणारं चित्र बऱ्यापैकी स्थिर होतं.

दुसरी गोष्ट इंटरलेसिंग. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे ५० अर्धचित्रं असतात. कांडीसोबतचं सॉफ्टवेअर त्यातली निम्मी फेकून २५ फ्रेमची फाइल करतं, आणि क्रिकेटचा चेंडू उड्या मारत जातो. कॅप्चर इंटरलेस्डच ठेवा, ७२० बाय ५७६ मध्ये. वेगळं करायचं ते नंतर, ५० फ्रेममध्ये. मूळ प्रत शक्यतो एफएफव्ही१ या लॉसलेस कोडेकमध्ये एमकेव्ही फाइल म्हणून ठेवा. अजिबात न दाबलेला व्हिडिओ तासाला साधारण ७५ जीबी खातो, एफएफव्ही१ मध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची छोटी प्रत यातून कधीही काढता येते, उलट मात्र होत नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. व्हीएचएसवर चित्र सरळ लिहिलेलं नसतं. उजेडाची माहिती पालमध्ये ३.८ ते ४.८ मेगाहर्ट्झच्या एफएम लहरींत असते आणि रंग खाली सुमारे ६२७ किलोहर्ट्झवर दाबलेला असतो. व्हीसीआर त्याचं पुन्हा व्हिडिओ करतो, तो त्याच्या चाळीस वर्षं जुन्या सर्किटच्या कुवतीप्रमाणे. 'व्हीएचएस-डीकोड' हा मुक्त प्रकल्प ही पायरीच टाळतो. हेडच्या अँप्लिफायरपाशी असलेल्या टेस्ट पॉइंटला तार जोडून कच्चा सिग्नल घ्यायचा आणि बाकी सगळं सॉफ्टवेअरनं करायचं, टाइम बेस दुरुस्तीसकट. कार्ड म्हणून कोनेक्सँट चिपचं जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड चालतं. वेळ खूप लागतो आणि डाग द्यायला यावा लागतो, पण कच्चा सिग्नल एकदा साठवला की पुढे सॉफ्टवेअर सुधारलं तर त्याच फाइलमधून आणखी चांगलं चित्र काढता येतं. कॅसेट पुन्हा झिजवायची गरज नाही.

याच वाटेनं ब्रिटनमध्ये लोकांनी घरगुती कॅसेटमधून टेलिटेक्स्टची पानं परत मिळवली आहेत. ती माहिती चित्राच्या न दिसणाऱ्या रेषांमध्ये जायची. व्हीएचएसवर ती धूसर उमटते, पण तेच पान पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे अनेक प्रतींवरून सॉफ्टवेअर अक्षरं ठरवतं. रेकॉर्ड करणाऱ्याला आपण हे टेप करतोय याचा पत्ताही नव्हता.

कायद्याचं काय?

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नुसार प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलं तर तो भंग नाही. प्रक्षेपणावरचा वाहिनीचा हक्क २५ वर्षांचा असतो. पण आतल्या नाटकाचे, गाण्याचे, चित्रपटाचे हक्क वेगळे आणि बरेच जास्त काळ टिकणारे. म्हणून घरी जपणं निर्धास्त करा. यूट्यूबवर टाकणं हा वेगळा विषय, तिथे हक्कदार ते काढायला लावू शकतो. चॅनेल हीच एकमेव प्रत समजणाऱ्यांचं काम असंच एका रात्रीत गेलेलं आहे.

तारीख कशी लावायची

फाइलचं नाव 'टेप ३ फायनल नवीन' असं ठेवू नका. कॅसेटवरच्या लेबलचा फोटो, केंद्र, अंदाजे तारीख आणि त्या अंदाजाचं कारण एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. तारीख शोधायला बातम्या सगळ्यात उपयोगी, मग मॅचचा स्कोअर, मग जाहिरातीतल्या किमती आणि टेलिफोन नंबरचे आकडे. 'रामायण' १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी लागायचं, तेव्हा त्याच्या मागोमाग सलग जे आहे ते रविवारचंच. घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवा. आमच्या बारशाच्या कॅसेटवरच्या बातम्यांत तारीख ऐकूच येत नव्हती, पण शेवटी हवामान सांगताना पावसाचा इशारा होता. आजी म्हणाली, "त्या रात्री लाइट गेले होते, म्हणून नाटक अर्धंच टेप झालं. तुझे आजोबा चिडून जेवलेच नाहीत." नाटक विसाव्या मिनिटाला का तुटतं, तेही मी टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवलंय.

बाकी काही आज जमलं नाही तरी एवढं करा: कॅसेटच्या लेबल लावायच्या कडेला, डाव्या टोकाला प्लास्टिकची एक छोटी चीप असते. ती स्क्रूड्रायव्हरनं मोडून टाका. मग चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी व्हीसीआर त्या कॅसेटवर रेकॉर्ड करणार नाही.