दरसाल नवी लस का? फ्लूच्या विषाणूच्या पाठलागाचा इतिहास

देवीची लस एकदा टोचून घेतली की माणूस बरीच वर्षे निर्धास्त असे. त्या लशीच्या बळावरच देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर करता आले. मग फ्लूची लस दरवर्षी नव्याने का घ्यावी लागते, असा प्रश्न पालक विचारतात. त्यात थोडा संशयही असतो की, हा औषध कंपन्यांचा धंदा तर नव्हे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देण्याजोगे नाही. त्यासाठी शंभरेक वर्षे मागे जावे लागते.

१९१८ सालच्या साथीला आपल्याकडील जुनी माणसे ‘मानमोडी’ म्हणत. त्या वर्षी जून महिन्यात ती मुंबईत दिसू लागली, पावसाळ्यात ओसरल्यासारखी झाली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुप्पट जोराने उलटली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. साऱ्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. आपल्या जनगणनेच्या इतिहासात १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे की ज्यात लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. त्या काळी डॉक्टर मंडळी रोगाचे कारण म्हणून एका जंतूकडे बोट दाखवीत होती. त्यावरून लशीही बनविल्या गेल्या. पण चोर दुसराच असल्याने त्यांनी साथ थांबली नाही.

खरा चोर १९३३ साली लंडनमध्ये सापडला. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तीन संशोधकांनी फ्लूच्या रोग्यांच्या घशातील स्राव अतिसूक्ष्म गाळणीतून गाळून घेतला. कोणताही जंतू पार होऊ शकणार नाही अशी ती गाळणी होती. तो गाळलेला द्रव त्यांनी फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात सोडला. फेरेट शिंकू लागले, त्यांना ताप भरला. पुढे १९३६ साली असाच एक आजारी फेरेट चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस या संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि तेही फ्लूने अंथरुणाला खिळले. प्राण्याकडून माणसाकडे रोग जातो याचा पुरावा हाती आला. तो आणण्याची रीत मात्र कोणी हौसेने निवडली असेल असे वाटत नाही!

विषाणू सापडल्यावर लस करणे आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत थॉमस फ्रान्सिस आणि जोनास साल्क यांनी कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यांत विषाणू वाढवून व तो निष्क्रिय करून लस तयार केली. पोलिओच्या लशीमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले साल्क ते हेच. ही लस सैनिकांना उत्तम लागू पडली. सर्वांना वाटले, काम फत्ते झाले. आणि १९४७ साली तीच लस टोचलेल्या लोकांना सर्रास फ्लू झाला. लस बिघडली नव्हती. विषाणू बदलला होता.

आपल्या गावात येणारा बहुरूपी आज पोलीस, उद्या साधू होऊन येतो, तशीच ही गोष्ट आहे. या विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिने असतात आणि आपल्या रक्तातील प्रतिपिंडे त्या काट्यांवरूनच त्याला ओळखतात. विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो. देवीच्या विषाणूच्या मानाने तो फारच गलथान नक्कलनवीस आहे. बहुतेक चुका त्यालाच मारक ठरतात. पण एखादी चूक काट्याचा आकार जरासा पालटते आणि जुनी प्रतिपिंडे फसतात. हा झाला हळूहळू होणारा बदल. कधी माणसाचा आणि पक्ष्याचा विषाणू एकाच प्राण्याच्या शरीरात एकत्र येऊन जनुकांची अदलाबदल करतात आणि अगदी नवाच अवतार निघतो. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी अशाच आल्या.

१९४७ च्या त्या धड्यानंतर एक गोष्ट उमगली. लस बनविणाऱ्याने आधी पहारा ठेवला पाहिजे, आणि तो कोणा एका देशाला ठेवता येणार नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वतयारी आयोगाने लंडनला जागतिक इन्फ्लुएन्झा केंद्र स्थापले. १९५२ पासून देशोदेशींच्या प्रयोगशाळांचे जाळे विणले जाऊ लागले. आपल्या देशात हे काम निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटकडे होते. मे १९५७ मध्ये सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजातून ‘एशियन फ्लू’ भारतात उतरला तेव्हा त्याचा माग या केंद्राने ठेवला. पुढील काही महिन्यांत देशात सुमारे ४४ लाख रुग्णांची नोंद झाली. पुण्यात १९५२ साली निघालेले विषाणू संशोधन केंद्र १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. आज या जाळ्यातील भारताचे केंद्र म्हणून तेच काम पाहते.

पहाऱ्याची रीत विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. विषाणू तांबड्या रक्तपेशींना एकमेकींशी चिकटवतो, हे जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ मध्ये दाखविले. गेल्या वर्षीच्या विषाणूने आजारी पडून बऱ्या झालेल्या फेरेटच्या रक्तातील सीरम घ्यायचे, ते निम्मे-निम्मे विरळ करीत जायचे आणि कितव्या टप्प्यापर्यंत ते यंदाच्या विषाणूला रक्तपेशी चिकटवू देत नाही हे पाहायचे. जुन्या आणि नव्या विषाणूंत आठपट फरक पडला, तर लस बदलण्याची वेळ जवळ आली असे समजतात. आता जनुकांचे वाचनही होते, पण ही साधी परीक्षा सुटलेली नाही. प्रत्येक वाणाला नाव असते. ‘ए/सिंगापूर/१/५७’ म्हणजे ए प्रकारचा, सिंगापूरला १९५७ साली मिळालेला पहिला नमुना. लशीच्या वेष्टनावर अशी तीन-चार नावे छापलेली असतात, ती वाचून पाहावीत.

१९७३ पासून जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते वाण घालावेत याची शिफारस दरवर्षी करते. १९९८ पासून ती वर्षातून दोनदा होते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. अंड्यांत लस वाढवून कुप्या भरेपर्यंत सहा महिने लागतात, म्हणून निवड इतकी आधी करावी लागते. तेवढ्या अवधीत बहुरूपी पुन्हा वेश पालटू शकतो. २०१४-१५ च्या हिवाळ्यात तसेच घडले. ‘टेक्सास’ वाण निवडल्यानंतर वेगळाच वाण बळावला आणि अमेरिकेत त्या हंगामात लस अवघी वीस टक्क्यांच्या आसपास उपयोगी पडली. उलट चूकही होते. १९७६ मध्ये अमेरिकेने डुकरांच्या फ्लूच्या धास्तीने चार कोटींहून अधिक लोकांना लस टोचली, पण साथ आलीच नाही; काहींना मज्जातंतूंचा विकार मात्र झाला. तरीही नेम बरा लागलेल्या वर्षी ही लस आजाराचा धोका चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करते. मला हा सौदा पटतो. शंभर टक्के कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आता या इतिहासातील कडू भाग. देवी आणि गोवर यांतील फरक अर-राझीने ग्रंथात मांडला, हे आपण स्मरणिकांतून अभिमानाने लिहितो आणि तेथेच थांबतो. इंडोनेशियाची गोष्ट आपल्या मुलांना क्वचितच सांगितली जाते. २००५ पासून त्या देशात बर्ड फ्लूने माणसे मरत होती. तेथील नमुने नियमाप्रमाणे आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळांत जात. मग कळले की त्याच विषाणूपासून एक परदेशी कंपनी लस तयार करीत आहे, आणि ती इंडोनेशियाला बाजारभावाने विकत घ्यावी लागणार. हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी यांनी नमुने देणेच थांबविले. २००७ च्या आरंभी हे जगजाहीर झाले आणि मोठा गहजब उडाला. पहारा मोडला तर धोका साऱ्या जगाला, हे टीकाकारांचे म्हणणे खोटे नव्हते. पण ज्याच्या घरी मयत झाली त्यानेच पुरावा द्यायचा आणि औषध मात्र दुसऱ्याच्या घरी जायचे, ही तक्रारही खोटी नव्हती. या बाईंना पुढे २०१७ मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात शिक्षा झाली, हेही लपविण्याचे कारण नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न त्याने बाद होत नाही. चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर मे २०११ मध्ये करार झाला. त्यानुसार या जाळ्याचा वापर करणाऱ्या कंपन्या त्याच्या खर्चाचा निम्मा भार उचलतात. नव्या जागतिक साथीच्या वेळी लशीचा काही वाटा संघटनेसाठी राखण्याचे करारही त्यांच्याशी होतात. दरसालच्या फ्लूला मात्र हा करार लागू नाही.

आपले स्थान या व्यवहारात कोठे आहे? ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा बंद पडल्या, आणि लस मात्र ती लाट येऊन गेल्यावर मिळाली. त्याच पुण्यात, आरोग्य संघटनेने मिळवून दिलेल्या रशियन तंत्राने, २०१० मध्ये नाकात फवारण्याची लस तयार झाली. २०१५ मध्ये पुण्याच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका मोठ्या अभ्यासातून दिसले की फ्लूचे काही प्रकार भारत, चीन आणि आग्नेय आशियात वर्षभर टिकून राहतात. म्हणजे आपले नमुने गेले नाहीत, तर लंडनच्या लशीचाही नेम चुकेल.

महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर असतो. काश्मिरात तो हिवाळ्यात असतो. म्हणून आपल्याकडे वृद्धांनी, गरोदर स्त्रियांनी आणि दमा-मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने एप्रिल-मेमध्येच लस घेणे श्रेयस्कर. कोणत्या गोलार्धाची आणि कोणत्या सालची, हेही विचारावे. हजला जाणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे दोन्ही गोलार्धांची माणसे एका मैदानात जमतात. २००९ मध्ये याच भीतीने अरब देशांच्या आरोग्यमंत्र्यांनी वृद्ध, लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या वर्षी हजपासून दूर ठेवण्याचे ठरविले होते. चांद्र वर्षामुळे हज दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३३ च्या सुमारास तो मार्चमध्ये येईल, म्हणजे उत्तरेकडील देशांत फ्लूचा हंगाम सरत असतानाच. लशीचा असर चढायला दोन आठवडे लागतात. तेव्हा हाजींनी ती प्रस्थानाच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान पंधरा दिवस आधी घ्यावी.