प्रस्ताव ३९ (कॅलिफोर्निया)

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याची सार्वजनिक शाळांच्या इमारतींत ऊर्जाबचतीची कामे करण्यासाठी निधी देणारी योजना. ६ नोव्हेंबर २०१२ रोजी मतदारांनी ती सुमारे ६१ टक्के मतांनी संमत केली. प्रचाराचा मोठा खर्च गुंतवणूकदार टॉम स्टायर यांनी उचलला होता.

निधीचा उगम करसुधारणेत आहे. अनेक राज्यांत व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांना कॅलिफोर्नियातील करपात्र नफा ठरवण्यासाठी दोन पद्धतींपैकी सोयीची पद्धत निवडता येई. एकीत राज्यातील मालमत्ता, पगार आणि विक्री असे तिन्ही धरले जात, दुसरीत केवळ विक्री. जिची विक्री राज्यात भरपूर पण नोकर-चाकर आणि कारखाने बाहेर, अशा कंपनीला पहिली पद्धत स्वस्त पडे. राज्यात रोजगार न देणाऱ्यालाच सवलत मिळावी, हे अन्यायाचेच होते. २०१३ पासून विक्रीची पद्धत सक्तीची झाली आणि वाढीव महसुलाचा अर्धा भाग, वर्षाला कमाल ५५ कोटी डॉलर, पाच वर्षांसाठी स्वच्छ ऊर्जेकडे वळवला गेला.

२०१३ च्या अंमलबजावणी कायद्याने यातील ८९ टक्के रक्कम शाळांना आणि ११ टक्के सामुदायिक महाविद्यालयांना दिली. शाळांच्या वाट्यापैकी ८५ टक्के विद्यार्थ्यांच्या सरासरी हजेरीवर आणि १५ टक्के मोफत वा सवलतीच्या जेवणास पात्र मुलांच्या संख्येवर वाटले जात. शंभर किंवा त्याहून कमी हजेरीच्या संस्थेला वर्षाला किमान १५,००० डॉलर मिळत. एवढ्यात मोठे काम निघत नाही, म्हणून लहान संस्थांना दोन वर्षांचा वाटा एकदम घेण्याची मुभा होती. ही तरतूद शहाणपणाची होती. तिच्यावाचून खेड्यापाड्यांतल्या शाळांना हा निधी कागदावरच राहिला असता.

प्रत्येक संस्थेने राज्य ऊर्जा आयोगाकडे खर्चाचा आराखडा द्यायचा, सोबत मागील १२ महिन्यांची वीज आणि गॅसची बिले. घातलेल्या १ डॉलरमागे कामाच्या आयुष्यभरात किमान १.०५ डॉलरची बचत दाखवावी लागे. दिव्यांची बदली ही अट सहज पार करते, वातानुकूलनाची जुनी यंत्रे बदलणे मात्र महाग पडते. परंतु अट आराखड्यातील कामांना एकत्रित लागू असल्याने दिव्यांच्या बचतीतून यंत्रांचा भार उचलता येई. उन्हाळ्यात तापणाऱ्या वर्गखोल्यांच्या दृष्टीने हाच या नियमाचा खरा लाभ. काम संपल्यावर प्रत्यक्ष वापराचा अहवालही सक्तीचा होता, आणि नऊ सदस्यांचे नागरिक-मंडळ हिशेबावर देखरेख करी.

पाच वर्षांत शाळांसाठी सुमारे १.५ अब्ज डॉलर उपलब्ध झाले. कर्जाची वाटही होती: ऊर्जा आयोगाकडून शाळांना बिनव्याजी रक्कम मिळे. मुदत संपताना उरलेल्या निधीबाबत २०१७ मध्ये नवा कायदा झाला. त्यानुसार ७.५ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम जुन्या शाळा-बस बदलण्यासाठी राखली गेली आणि डिझेलच्या गाड्यांच्या जागी विजेवर चालणाऱ्या बस आल्या.