अनुदान, कर्ज आणि खरेदी : आरोग्य-तंत्रज्ञानातील लघुउद्योगांना मिळालेल्या शासकीय अर्थसाहाय्याचा इतिहास

प्रस्तावना

नवी लस, निदानसंच वा उपकरण प्रयोगशाळेत सिद्ध होणे आणि ते रुग्णापर्यंत पोहोचणे यांत मोठे अंतर असते. या वाटचालीच्या आरंभी तारणाअभावी बँक कर्ज देत नाही आणि परताव्याची शाश्वती नसल्याने खासगी गुंतवणूकदारही हात आखडता घेतो. ही जोखीम शासनाने उचलावी काय, आणि उचलल्यास अनुदानाच्या रूपाने की कर्जाच्या, हा प्रश्न भारतात १९८६ पासून निरनिराळ्या रूपांत पुढे येत राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला असून, साहाय्य संपल्यावर तयार वस्तू विकत कोण घेणार, या काहीशा दुर्लक्षित बाजूकडे विशेष लक्ष दिले आहे.

अमेरिकेतील पूर्वपीठिका

लहान कंपन्यांना टप्प्याटप्प्याने संशोधन-अनुदान देण्याची पद्धत अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९७७ मध्ये रोलंड टिबेट्स यांच्या पुढाकाराने सुरू केली. २२ जुलै १९८२ रोजी अध्यक्ष रेगन यांच्या स्वाक्षरीने तिला कायद्याचे रूप मिळाले. बाह्य संशोधनावर वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक खर्च करणाऱ्या प्रत्येक संघीय खात्याने त्याचा ठरावीक हिस्सा लहान कंपन्यांसाठी राखून ठेवावा, अशी ही तरतूद होती. आरंभी ०.२ टक्के असलेला हा हिस्सा पुढे ३.२ टक्क्यांपर्यंत वाढला. आपल्या वाट्याचा निधी कमी होईल या भीतीने विद्यापीठांनी या कायद्याला विरोध केला होता.

या योजनेत पहिला टप्पा कल्पनेच्या पडताळणीचा, दुसरा विकासाचा असे. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे बाजारात उतरताना, योजनेचा पैसा मिळत नसे. संरक्षण खात्याला याची अडचण नव्हती, कारण अनुदान देणारे तेच आणि शस्त्रसामग्री विकत घेणारेही तेच. राष्ट्रीय आरोग्य संस्थेची गोष्ट वेगळी होती. ती संशोधनाला पैसा देते; रुग्णालयांसाठी उपकरणे खरेदी करणे हे तिचे काम नव्हे.

उपकर आणि कर्ज

भारतात निधीचा उगम वेगळा होता. १९८६ च्या संशोधन व विकास उपकर कायद्यान्वये परदेशी तंत्रज्ञानाच्या आयातीपोटी होणाऱ्या देयकांवर कमाल ५ टक्के उपकर बसवला गेला. परकीय ज्ञान विकत घेणाऱ्याने स्वदेशी ज्ञानासाठी काही द्यावे, ही त्यामागची कल्पना मोठी मार्मिक होती. १९९५ च्या कायद्यानुसार १९९६ मध्ये तंत्रज्ञान विकास मंडळ स्थापन झाले. मात्र उपकराच्या उत्पन्नाचा लहानसा भागच मंडळाच्या वाट्याला आला, आणि २०१७ मध्ये उपकरच रद्द झाला.

मंडळाचा भर प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंतच्या सवलतीच्या कर्जावर होता. त्याच्या प्रारंभीच्या लाभार्थींत हैदराबादची शांता बायोटेक्निक्स ही कंपनी होती. के. आय. वरप्रसाद रेड्डी यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने १९९७ मध्ये हेपटायटिस-बीवरील पहिली भारतीय पुनःसंयोजित लस बाजारात आणली. आयात लशीहून ती बरीच स्वस्त होती. तरीही सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात हेपटायटिस-बीच्या लशीचा प्रायोगिक समावेश २००२-०३ मध्ये, तर देशभर विस्तार २०११-१२ मध्ये झाला. ज्या शासनाने लस निर्माण करण्यास पैसा दिला, त्याच शासनाच्या लसीकरण कार्यक्रमातून ती देशातील सर्व बालकांपर्यंत जाण्यास सुमारे चौदा वर्षे लागली. या विलंबाला आर्थिक व प्रशासकीय कारणे असतील. परंतु तंत्रज्ञान मंडळ आणि आरोग्य खाते यांच्या निर्णयांना जोडणारा दुवा नव्हता, हे नाकारता येत नाही. २००९ मध्ये या कंपनीवरील नियंत्रण सनोफी या फ्रेंच कंपनीकडे गेले.

कर्जाकडून अनुदानाकडे

जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये लघुउद्योगांसाठी एसबीआयआरआय ही योजना सुरू केली. नावावरून अमेरिकन योजनेची आठवण यावी अशीच ती होती. पहिल्या टप्प्यात अनुदान, दुसऱ्यात अल्प व्याजाचे कर्ज. संशोधन फसले तर कर्ज फेडायचे कशातून, हा पेच दुसऱ्या टप्प्यात तसाच राहिला. २०१२ मध्ये 'बायरॅक' ही शासकीय कंपनी स्थापन झाल्यावर 'बिग' योजनेखाली संकल्पना सिद्ध करण्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान मिळू लागले. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातील, २००७ मध्ये स्थापन झालेले व्हेंचर सेंटर या योजनेच्या भागीदार संस्थांपैकी एक झाले.

याच काळातील 'सोहम' हे उपकरण उल्लेखनीय आहे. नवजात अर्भकाच्या डोक्यावर विद्युतअग्रे लावून, मेंदूच्या प्रतिसादावरून श्रवणदोष ओळखणारे हे यंत्र जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने, एम्स व आयआयटी दिल्ली यांच्या सहभागातील बायोडिझाइन कार्यक्रमातून विकसित झाले आणि २०१७ मध्ये सादर करण्यात आले.

असे यंत्र जिल्हा रुग्णालयात पोहोचायचे, तर निर्णय राज्याचा असतो; सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा घटनेच्या राज्यसूचीतील विषय आहे. निविदेतील पूर्वानुभव व उलाढालीच्या अटी नवउद्योगाला पहिल्याच पायरीवर अडवतात. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी या अटी नवउद्यमांसाठी शिथिल करण्याची मुभा दिली, परंतु हे नियम केंद्रीय खात्यांचे आहेत. महाराष्ट्रात वैद्यकीय खरेदीचे काम २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे सोपवले गेले आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. नवी दिल्लीतील अनुदान-समितीने पारखून घेतलेल्या उपकरणाला मुंबईच्या निविदेत पुन्हा पहिल्यापासून आपली पात्रता सिद्ध करावी लागते.