अनंता चोपडे की अल्फिया पठाण? वेगळ्या वजनगटातल्या दोन बॉक्सरची तुलना कशी करायची

अकोला-अमरावतीकडच्या खेळप्रेमींच्या ग्रुपवर अधूनमधून हा वाद पेटतो. विदर्भातला सर्वात मोठा बॉक्सर कोण? एक बाजू म्हणते, अनंता चोपडे. बुलढाणा जिल्ह्यातला, अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला आपला वऱ्हाडी गडी. दुसरी बाजू म्हणते, नागपूरची अल्फिया पठाण. युवा जगज्जेती, आशियाई विजेती, विषय संपला.

पण विषय संपत नाही. एक ५२ आणि ५४ किलोच्या गटात खेळलेला पुरुष, दुसरी ८१ किलोवरच्या गटात खेळलेली महिला. हे दोघं रिंगमध्ये कधीच समोरासमोर येणार नाहीत. मग ठरवायचं कसं? नुसती पदकं मोजायची, की आणखी काही पाहायचं? सविस्तर समजून घेऊ.

आधी दोघांची कामगिरी

अनंता चोपडेचं नाव देशभर झालं ते जुलै २०१९ मध्ये. इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत त्याने ५२ किलो गटात सुवर्ण जिंकलं. अंतिम फेरीत त्याने अफगाणिस्तानच्या बॉक्सरला ५-० ने हरवलं. याच स्पर्धेत मेरी कोमनेही ५१ किलो गटात सुवर्ण जिंकलं होतं. पुढे एप्रिल २०२२ मध्ये थायलंडमधल्या फुकेत इथे थायलंड ओपन स्पर्धा झाली. तिथे अनंता ५४ किलो गटात उतरला आणि अंतिम फेरीत यजमान देशाच्याच बॉक्सरला हरवून पुन्हा सुवर्ण घेऊन आला.

अल्फिया पठाणने एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या किएल्त्से इथे युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोवरच्या गटाचं सुवर्ण जिंकलं. अंतिम फेरीत मोल्दोव्हाच्या दारिया कोझोरेझवर तिने ५-० अशी मात केली. त्या स्पर्धेत भारताच्या सात मुलींनी सुवर्ण जिंकलं होतं, त्यातली ती एक. जुलै २०२२ मध्ये कझाकस्तानमधल्या एलोर्डा कप स्पर्धेत तिने २०१६ ची जगज्जेती लज्जत कुंगेबायेवा हिला हरवून सुवर्ण मिळवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये जॉर्डनच्या अम्मानमध्ये ती वरिष्ठ गटाची आशियाई विजेती झाली.

(५-० म्हणजे पाच ठोसे नव्हेत. लढतीला पाच पंच गुण देतात. पाचही पंचांच्या मते तोच बॉक्सर जिंकला, की निकाल ५-० लागतो.)

वजनगट असतात तरी कशाला?

ठोशाची ताकद वेग आणि तंत्र यांच्यावर तर असतेच, पण त्यामागच्या शरीराच्या वजनावरही असते. ५० किलोचा माणूस कितीही चपळ असला, तरी ८० किलोच्या माणसाचा ठोसा त्याच्यासाठी धोकादायकच. म्हणून खेळ न्याय्य आणि सुरक्षित राहावा यासाठी वजनगट आले.

याचं जुनं उदाहरण जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेचा शुगर रे रॉबिन्सन हा आधी वेल्टरवेट आणि मग मिडलवेट गटाचा विश्वविजेता. जून १९५२ मध्ये तो आपल्यापेक्षा वजनदार असलेल्या जोई मॅक्सिमशी न्यूयॉर्कमध्ये लढला. रॉबिन्सन गुणांवर पुढे होता, पण भयंकर उकाडा होता. इतका की मुख्य पंचालाही मध्येच बदलावं लागलं. तेराव्या फेरीनंतर रॉबिन्सनला उभं राहता येईना आणि तो लढत हरला. तरी त्याला लहान कुणी म्हटलं नाही. उलट 'पाउंड फॉर पाउंड' हा शब्दप्रयोग त्याच्याच नावाशी कायमचा जोडला गेला. अर्थ साधा आहे: वजनाचा फरक बाजूला ठेवला, तर कोण सरस?

आपल्या प्रश्नालाही तोच नियम लावायचा आहे. त्यासाठी चार कसोट्या पाहू.

कसोटी १: स्पर्धा कोणत्या दर्जाची होती?

प्रेसिडेंट्स कप, थायलंड ओपन आणि एलोर्डा कप या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहेत, पण तिथे प्रत्येक देश आपला पहिला संघ पाठवतोच असं नाही. आशियाई अजिंक्यपद ही खंडाची अधिकृत स्पर्धा. तिथलं सुवर्ण वरच्या पायरीवरचं. युवा जागतिक स्पर्धा ही १७-१८ वयाची असते. युवा गटात चमकलेले अनेक जण वरिष्ठ गटात मागे पडतात. अल्फियाने युवा जागतिक सुवर्णानंतर अवघ्या सव्वा वर्षात वरिष्ठ गटात माजी जगज्जेतीला हरवलं, हे म्हणूनच महत्त्वाचं.

या कसोटीवर अल्फिया स्पष्टपणे पुढे आहे.

कसोटी २: गटात गर्दी किती होती?

इथे चित्र बदलतं. पुरुषांचे हलके वजनगट आशियात कायम गजबजलेले असतात. उझबेकिस्तान, कझाकस्तान, थायलंड, मंगोलिया, फिलिपिन्स अशा देशांची ताकदच तिथे आहे. महिलांच्या सर्वात जड गटात मात्र खेळाडू कमी असतात. त्यामुळे तिथे पदकापर्यंत जायला कमी लढती खेळाव्या लागू शकतात. अम्मानमधल्या अंतिम फेरीत तर अल्फियाची प्रतिस्पर्धी पहिल्याच फेरीत अपात्र ठरली. सुवर्ण ते सुवर्णच, पण त्या एका लढतीवरून तिची ताकद मोजता येत नाही. ती मोजायची तर एलोर्डा कपमधली कुंगेबायेवाविरुद्धची लढत पाहावी.

देशांतर्गत स्पर्धाही लक्षात घ्या. मोठ्या स्पर्धेत एका वजनगटात एका देशाचा एकच बॉक्सर जातो. टोकियो ऑलिंपिकमधून पुरुषांचा ४९ किलो गट काढला गेला आणि ५२ किलो हा सर्वात हलका गट उरला. त्यामुळे २०१८ चा ४९ किलोचा आशियाई सुवर्णविजेता अमित पंघल ५२ किलोत आला. २०१९ मध्ये त्याने या गटात जागतिक स्पर्धेचं रौप्य जिंकलं आणि टोकियोलाही तोच गेला. म्हणजे अनंता ज्या वर्षी ५२ किलोत सुवर्ण जिंकत होता, त्याच वर्षी त्याच्या गटात देशाचा सर्वात मोठा बॉक्सर येऊन बसला होता. लायकी असूनही दार अरुंद झालं.

अल्फियाची वाटही मोकळी नाही. हरियाणाची नूपुर श्योराण याच जड गटात आहे. २०२३ च्या दिल्लीतल्या जागतिक स्पर्धेत ८१ किलोवरच्या गटात भारताकडून नूपुर खेळली. २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत तिने ८० किलोवरच्या गटाचं रौप्य जिंकलं.

तरीही एकूण गर्दीचा विचार केला, तर अनंताचा रस्ता जास्त कठीण होता.

कसोटी ३: समोरचा किती वजनदार असू शकतो?

५४ किलो गटात ५१ किलोपेक्षा जास्त आणि ५४ पर्यंत वजनाचे बॉक्सर असतात. म्हणजे दोघांमधला फरक फार तर तीन किलो. तिथे वेग, पायांची हालचाल आणि दम यावर निकाल लागतो. वजन आटोक्यात ठेवण्याची कसरत तर रोजचीच, कारण लढतीच्या दिवशी सकाळी वजन केलं जातं.

८१ किलोवरच्या गटाला वरची मर्यादाच नाही. समोर ८३ किलोची मुलगी येईल, नाहीतर शंभरीची. अल्फियासारख्या बॉक्सरला प्रत्येक लढतीत नवा हिशोब मांडावा लागतो. हलक्या गटाचे चाहते ही गोष्ट विसरतात. 'जड गटात काय, नुसतं वजन लागतं' हे म्हणणं साफ चुकीचं आहे.

या कसोटीवर दोघं बरोबरीत. अडचणी दोघांपुढेही आहेत, फक्त वेगळ्या.

कसोटी ४: हा गट ऑलिंपिकमध्ये होता का?

सगळ्यात कळीचा मुद्दा हाच, आणि ग्रुपवरच्या वादात तो बहुतेक वेळा येतच नाही.

टोकियोनंतर जागतिक पातळीवर पुरुषांचे १३ आणि महिलांचे १२ वजनगट झाले. पण पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सात आणि महिलांचे सहाच गट होते. पुरुषांमध्ये ५१ नंतर थेट ५७. मधला ५४ गायब. महिलांमध्ये सर्वात जड गट ७५ किलोचा. ८१ किलोवरचा गट नाहीच. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेतही हेच गट होते.

म्हणजे २०२२ मध्ये अनंता आणि अल्फिया दोघांनीही ज्या गटात सुवर्ण जिंकलं, त्या गटातून ऑलिंपिकला जायची सोयच नव्हती. कितीही ठोसे मारले तरी नाही.

मग गट बदलायचा? मेरी कोमने तेच केलं. तिची सहाही जागतिक सुवर्णं ४५ ते ४८ किलोच्या गटांतली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वात हलका गट ५१ चा होता, म्हणून ती वर गेली आणि कांस्य घेऊन आली. निखत झरीन २०२२ मध्ये ५२ किलोत जगज्जेती झाली आणि पुढच्या वर्षी ऑलिंपिकच्या ५० किलोत उतरून पुन्हा जगज्जेती झाली. टोकियोत ६९ किलोत कांस्य जिंकणारी लवलिना बोर्गोहेन पॅरिससाठी ७५ किलोत गेली.

पण सगळ्यांना हे जमत नाही. ५४ किलोच्या बॉक्सरला तीन किलो उतरायचं किंवा तीन किलो वाढून आपल्यापेक्षा उंच, ताकदवान बॉक्सरशी भिडायचं. ८१ किलोवरच्या मुलीला ७५ वर यायचं तर सहा किलोपेक्षा जास्त वजन उतरवावं लागतं, आणि तेही ताकद न गमावता. नैसर्गिकरीत्या मोठ्या बांध्याच्या खेळाडूसाठी हे शरीराशीच भांडण ठरतं.

याचा परिणाम पदकापुरता राहत नाही. केंद्र सरकारची टॉप्स योजना ऑलिंपिक पदकाची शक्यता पाहूनच पाठबळ देते. प्रसिद्धी, प्रायोजक, सत्कार सगळं ऑलिंपिकभोवती फिरतं. चुकीच्या वजनगटात जन्मलेला विजेता म्हणूनच लवकर विसरला जातो.

मग वारसा कुणाचा मोठा?

नुसत्या पदकांच्या दर्जावर पाहिलं तर अल्फिया पुढे आहे. युवा जागतिक आणि वरिष्ठ आशियाई अशी दोन्ही सुवर्णं तिच्याकडे आहेत. यात वाद घालण्यासारखं फार नाही.

पण वारसा म्हणजे मागे काय उरलं तेही. अमरावतीकरांना हे वेगळं सांगायला नको. १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काही पदकांच्या यादीमुळे मोठं झालं नाही. तिथून शिकून गेलेल्या व्यायाम शिक्षकांमुळे ते देशभर पोचलं. त्या मापाने अनंताचं काम वऱ्हाडासाठी मोलाचं आहे. बॉक्सिंग म्हटलं की हरियाणा आणि मणिपूर आठवतात. बुलढाण्याचा मुलगा अकोल्याच्या निवासी प्रबोधिनीत शिकून भारताच्या जर्सीत सुवर्ण जिंकतो, तेव्हा अकोट, मेहकर, दर्यापूरच्या पोरांना रस्ता दिसतो, आणि तो आपल्याच जिल्ह्यातून जातो.

अल्फियाचा वारसा आणखी वेगळा. मोठ्या बांध्याच्या मुलीला आपल्याकडे लहानपणापासून टोमणे ऐकावे लागतात. तोच बांधा घेऊन एक विदर्भकन्या जगज्जेती झाली. हे एका पदकापेक्षा मोठं आहे.

पुढे काय?

२०२५ मध्ये वजनगट पुन्हा बदलले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा सर्वात हलका गट ५५ किलोचा आहे. म्हणजे आज अकोल्यात सराव करणाऱ्या ५४ किलोच्या मुलाला अनंताला न मिळालेलं दार उघडं आहे. महिलांचेही गट सहाचे सात झाले, पण सर्वात जड गट अजून ७५ चाच. अल्फियाच्या वाटेने येणाऱ्या मुलींसाठी ऑलिंपिकचं दार २०२८ मध्येही बंदच राहणार आहे.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर हा वाद निघाला, तर पदकांचे फोटो टाकण्याआधी एक प्रश्न विचारा: त्या वर्षी तो वजनगट ऑलिंपिकमध्ये होता का? निम्मा वाद तिथेच मिटेल.